चर्चा : पारा आणि सोमल (आर्सेनिकचे विषारी संयुग) असलेल्या सिद्ध औषधांना प्रत्येक घाण्याची (एका वेळी तयार केलेल्या साठ्याची) तपासणी सक्तीची असावी का?

धागाकर्ता : तमिळनाडूच्या सिद्ध वैद्यकात ६४ पाषाणे (विषारी खनिज द्रव्ये) गणली जातात आणि हिंगूळ (पाऱ्याचे खनिज), हरताळ आणि मनशीळ (आर्सेनिकची खनिजे), सोमल ही द्रव्ये त्यांत येतात. औषध नियम, १९४५ मधील अनुसूची ई(१) मध्ये अशा विषारी द्रव्यांची यादी असून ती असलेले औषध वैद्यकीय देखरेखीखालीच घ्यावे, अशी सूचना वेष्टनावर द्यावी लागते. त्या सूचनेवरून घटक कळतो. पण शोधन (शुद्धीकरण) आणि पुटे (शेणींच्या आगीत भाजणे) झाल्यावर तो हातातल्या पर्पमात (भस्मात) किंवा चेंदूरमात (लाल भस्मात) कोणत्या रासायनिक रूपात उतरला, हे कळत नाही. म्हणून प्रत्येक घाण्याचा अहवाल जोडल्याशिवाय विक्री होऊ नये, असे माझे ठाम मत आहे.

प्रतिसाद १ : मी असहमत आहे. हिंगुळापासून केलेल्या लिंग चेंदूरमातला पारा गंधकाशी बांधलेला असतो आणि ते संयुग पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, त्यामुळे माशांतल्या मिथिल पाऱ्याची (शरीरात सहज शोषल्या जाणाऱ्या पाऱ्याच्या संयुगाची) भीती त्याला लावणे अन्यायाचे आहे. सोमलाच्याच द्रव्यापासून केलेल्या औषधाला अमेरिकेत २००० साली एका रक्तकर्करोगासाठी मान्यता मिळाली. शेणींच्या पुटात स्वतः औषध करणाऱ्या वैद्याला हा खर्च झेपणार नाही आणि त्याची विद्या त्याच्याबरोबरच संपेल.

प्रतिसाद २ : कर्करोगाचे ते औषध शिरेतून, हृदयाचा आलेख वारंवार तपासत, रुग्णालयात देतात, ते उदाहरण घरी महिनोन्महिने चाटण घेणाऱ्या रुग्णाला लागू पडत नाही. शिवाय सिद्धातला सगळा पारा गंधकाशी बांधलेला नसतो, कारण पूरम हे पाऱ्याचे क्लोराइड आहे. पारा मूत्रपिंडात साठतो, म्हणून गर्भवती आणि मुलांसाठी अहवाल पुरेसा नाही, तिथे बंदीच हवी. हिराकसापासून केलेले, पांडुरोगावर दिले जाणारे अन्नबेदी चेंदूरम मात्र लोहाचे आहे. त्याला या वादात ओढू नये.

धागाकर्ता : गर्भवती आणि मुलांबाबतची बंदी मला मान्य आहे. खर्चाचा आक्षेपही खरा आहे, पण तो तपासणीचा भार कोणी उचलावा यासंबंधीचा आहे, तपासणी टाळण्यासाठीचा नाही. चेन्नईजवळ तांबरमला केंद्र सरकारची राष्ट्रीय सिद्ध संस्था आहे. छोट्या वैद्यांचे नमुने अशा सार्वजनिक संस्थेत अल्प शुल्कात तपासले जावेत, संयुग ओळखण्यासाठी क्ष-किरण विवर्तन वापरावे आणि मोकळा पारा आढळला तर तो घाणा बाद करावा.

प्रतिसाद १ : शुल्क सरकारने उचलले आणि निकाल वेळेत मिळाला, तर माझा विरोध उरणार नाही. मात्र निकष ठरवणाऱ्या समितीत पुटे देणारे वैद्यही असलेच पाहिजेत.