मदत हवी आहे: पाय दिला की जुनी गाडी अडखळते

अर्धा_मेकॅनिक:
गाडी पहिल्या सेल्फला सुरू होते, आयडलिंगही ठीक. पण थांबलेली गाडी काढताना ॲक्सिलरेटरवर जरा जोरात पाय दिला की क्षणभर जीवच जातो तिचा. एक-दोन गचके, कधी कार्ब्युरेटरमधून (हवा-पेट्रोल मिसळतो तो भाग) 'फट्' असा आवाज, आणि मग अचानक उचल घेते. हळूहळू पाय दिला तर काही नाही. प्लग नवे, एअर फिल्टर नवा, पेट्रोल फिल्टर नवा. फरक शून्य. दोन रविवार गेले यात. कार्ब्युरेटरच बदलून टाकू का? जरा लवकर सांगा, शनिवारी गाडी लागणार आहे.

फिरस्ता:
दुचाकी की चारचाकी? इंजिन गार असताना होतं की तापल्यावर? चढावर, पूर्ण पाय दिल्यावर दम तोडते का? एवढंही न सांगता 'लवकर सांगा' म्हणजे डॉक्टरला फोन करून 'दुखतंय' म्हणायचं आणि ठेवून द्यायचं.

जुना_पाना:
इंजिन तापल्यावर चोक (हवा अडवून पेट्रोलचं प्रमाण वाढवतो तो) थोडा ओढून चालवून बघा. गचके कमी झाले तर पेट्रोल कमी पडतंय, वाढले तर जास्त होतंय. पाच मिनिटांचं काम आहे, एक नवा भाग लागत नाही.

पॉइंटवाले_काका:
लोक उगाच कार्ब्युरेटर उघडत बसतात. या तक्रारी बऱ्याचदा डिस्ट्रिब्युटरमध्ये, म्हणजे प्लगना करंट वाटणाऱ्या भागात निघतात. त्यातल्या पॉइंटचा (करंट जोडणारी-तोडणारी जोडी) गॅप बघा, साधारण ०.४ ते ०.५ मिलिमीटर असतो, गाडीच्या पुस्तकात आकडा मिळेल. मग डिस्ट्रिब्युटरच्या व्हॅक्युम डब्याची (तो इंजिनच्या ओढीने ठिणगीची वेळ सरकवतो) नळी कार्ब्युरेटरकडून काढा आणि तोंडाने ओढा. आतली पॉइंटची प्लेट हलली पाहिजे आणि नळीच्या तोंडावर जीभ लावली की तिथेच थांबली पाहिजे. परत आली तर डब्यातला पडदा (डायफ्राम) फाटला. आणखी एक, पॉइंटची ती छोटी वायर. प्लेटबरोबर हलून हलून आतल्या आत तुटते, वरून अखंड दिसते. प्लेट सरकली की करंट जातो. एकदा तीन दिवस घालवले आहेत मी त्या वायरीपायी.

अर्धा_मेकॅनिक:
चारचाकी आहे, चार सिलिंडर, दोन नळ्यांचा कार्ब्युरेटर. (ते उघडच आहे असं वाटलं.) गार-गरम दोन्हीत होतं. चढाला पूर्ण पाय दिला तर व्यवस्थित ओढते. चोक ओढला तर गचके खरंच कमी झाले. काका, नळी ओढून पाहिली, प्लेट हलते आणि थांबते. वायर बदलली, तरी तेच. आणि हो, हल्ली पेट्रोल जास्त पिते. नवे प्लगही काळे पडलेत.

जुना_पाना:
चोकने बरं वाटतंय म्हणजे मिक्स्चर पातळ, हवा जास्त, पेट्रोल कमी. कार्ब्युरेटरच्या खालचं गॅस्केट आणि व्हॅक्युमच्या नळ्या बघा, कुठून तरी हवा ओढतेय.

फिरस्ता:
पाना, प्लग काळे आहेत वाचलंत ना? पातळ असेल तर प्लग पांढरे पडतील. हे जाड आहे, पेट्रोल जास्त. कार्ब्युरेटरच्या चेंबरमधली पेट्रोलची पातळी राखणारा फ्लोट वर बसलाय, चेंबर ओसंडतोय.

जुना_पाना:
जाड असेल तर चोकने आणखी बिघडली पाहिजे. 'फट्' आवाज कशाचा मग? आणि बाहेरून हवा ओढत असती तर आयडलिंग बिघडलं असतं, हेही मान्य करतो. पण फ्लोट नाही.

फिरस्ता:
तुमचा मुद्दा तुम्हीच खोडला. छान.

नवं_ते_सोनं:
कार्ब्युरेटर काढून इंजेक्शनचं किट बसवा आणि मोकळे व्हा. या जमान्यात कोण जेट साफ करत बसतो?

पॉइंटवाले_काका:
प्रश्न काय, उत्तर काय.

बुलबुल:
धागाकर्त्यांची माफी मागून, माझ्या बाइकलाही अगदी हेच होतंय. ॲक्सिलरेटर पंप म्हणतात तो कुठे असतो?

तेलकट_हात:
बुलबुल, पुष्कळ बाइकना तो नसतोच. तुमच्या कार्ब्युरेटरमध्ये रबरी डायफ्रामवर वरखाली होणारी स्लाइड असेल तर आधी तो डायफ्राम उजेडात धरा, टाचणीएवढं भोकही पुरतं. गाडीचं सांगा, वेगळा धागा काढलात तर बरं.

आता मूळ प्रश्न. पाय एकदम दिला की थ्रॉटल (हवेची झडप) उघडतं, हवा त्याच क्षणी घुसते, पेट्रोल जड म्हणून मागे राहतं. शिवाय मॅनिफोल्डमधली (कार्ब्युरेटरपासून इंजिनपर्यंतच्या नळीतली) ओढ पडते आणि आहे ते पेट्रोलही भिंतींना चिकटतं. तो क्षण भरून काढायला पेट्रोलची जास्तीची धार सोडणारा ॲक्सिलरेटर पंप असतो. हळू पाय दिला तर त्याची फारशी गरज नाही, आणि तुमची गाडी नेमकी तेव्हाच नीट चालते. इंजिन बंद करा, एअर फिल्टरचं झाकण काढा, टॉर्चने नळीत बघा आणि हाताने थ्रॉटलची कडी फिरवा. कडी हलताक्षणी बारीक, सरळ धार आली पाहिजे. आली का, कधी आली, कशी आली ते लिहा. बाकी सगळे तोवर थांबा.

पुसट_नंबरप्लेट:
सोपा उपाय, वरून थोडं पेट्रोल ओतून रेस करा, लगेच कळेल.

तेलकट_हात:
अजिबात नको! जी गाडी कार्ब्युरेटरमधून फटफटतेय तिच्या तोंडात चालू इंजिनवर पेट्रोल ओतणार? ज्वाळा वर येते. भुवया जाण्यावर निभावलं तर नशीब.

अर्धा_मेकॅनिक:
बघितलं दादा. धार येते, पण कडी अर्धी फिरल्यावर. आधी नुसते बुडबुडे, मग पेट्रोल. लगेच दुसऱ्यांदा फिरवली तरी तसंच.

तेलकट_हात:
ताई म्हटलं तरी चालेल. बुडबुडे म्हणजे पंप परत येताना चेंबरमधून पेट्रोल ओढण्याऐवजी धार सोडणाऱ्या वरच्या नोझलमधून हवा ओढतोय. पंपाचं रबर गेलं असतं तर धार मरतुकडी आली असती. हा नोझलखालचा व्हॉल्व्ह आहे. कार्ब्युरेटर शेवटचा कधी उघडला होता, आणि कुणी?

अर्धा_मेकॅनिक:
दीड महिन्यापूर्वी. मीच दुरुस्तीचं किट (नवे छोटे भाग) टाकलं. त्याआधी फक्त आयडलिंग खालीवर व्हायचं, हे गचके नव्हते. किट नवीनच असल्यामुळे त्याचा संबंध असेल असं वाटलं नाही.

फिरस्ता:
आणि हे आज सांगताय?

तेलकट_हात:
जोडून झाल्यावर काही उरलं होतं का? खरं सांगा.

अर्धा_मेकॅनिक:
एक छोटा स्टीलचा छर्रा. किटमध्ये जास्तीचे भाग असतात म्हणतात, म्हणून डबीत ठेवलाय.

पॉइंटवाले_काका:
अरे देवा. आणि मी तुला वायर बदलायला लावली.

तेलकट_हात:
किटमध्ये जास्तीचे भाग असतात हे खरं, पण ते कुठले ते चित्रावरून ठरवायचं. तो छर्रा नोझलच्या खाली बसतो, काही कार्ब्युरेटरांत त्याच्यावर छोटं वजनही असतं. पाय दिला की पेट्रोल त्याला उचलून बाहेर जातं, पाय सोडला की तो खाली बसून हवेची वाट अडवतो. तोच नाही, म्हणून सुरुवातीला धार नाही. पाना आणि फिरस्ता, तुमच्या भांडणाचं उत्तरही तिथेच असावं. नळीत हवा वेगाने जायला लागली की त्या उघड्या वाटेने पेट्रोल आपोआप ओढलं जातं. निघताना पातळ, धावताना जाड. छर्रे दोन मापांचे असतील तर अदलाबदल करू नका. आणि एअर फिल्टरचं झाकण काढलं की नळीच्या तोंडावर कापड ठेवा, छर्रा आत पडला तर पुढचा धागा इंजिन उघडण्याचा निघेल.

फिरस्ता:
म्हणजे मीही बरोबर होतो.

जुना_पाना:
फ्लोट म्हणाला होतात.

अर्धा_मेकॅनिक:
छर्रा बसवला. कडी हलताक्षणी धार! गचके गेले. पेट्रोलचं आठ-दहा दिवसांत कळेल, प्लग पुसून परत लावलेत. ताई, खूप आभार. काका, वायर तशीही जुनीच होती.

बुलबुल:
डायफ्राम काढला, भोक नाही. पण त्यावरच्या झाकणाखाली एक स्प्रिंग होती, ती उडाली. नेमकी किती लांब असते कुणी सांगेल का?