ओशन बीचचा पिअर: मंडळाच्या पत्रात काय लिहायचं?

मंडळी, नमस्कार.

आपल्या सॅन दिएगोतल्या ओशन बीचचा पिअर, म्हणजे खांबांवर उभा, समुद्रात लांब गेलेला धक्का, ऑक्टोबर २०२३ पासून बंद आहे. तो पुन्हा उघडणार नाही, पाडून नवीनच बांधायचा, हे शहराने सांगून झालंय. घोडं अडलंय ते पैशांपाशी. २०२४ मधला अंदाज १७ ते १९ कोटी डॉलर! एवढी रक्कम आणणार कुठून?

मंडळातर्फे आपल्या नगरसेवकांना पत्र जावं असं मला वाटतं. मजकूर सोपा: लांबी निम्मी करा, खर्च निम्मा होईल. जुना पिअर १,९७१ फूट होता. एवढं चालत जायचं कोणाला असतं? संध्याकाळच्या फेरीला हजार फूट पुष्कळ झाले. हरकत असेल तर गुरुवारपर्यंत कळवा.

— पॉवेचे काका

*

काका, हरकत आहे, आणि चांगली मोठी आहे.

तुम्ही तिथे फिरायला जाता, मी गळ टाकायला जायचो. कॅलिफोर्नियात सार्वजनिक पिअरवरून मासेमारीला लायसन्स लागत नाही. ज्याच्याकडे बोट नाही, भाड्याच्या बोटीचे पैसे नाहीत, त्याला समुद्र मिळतो तो इथेच. रविवारी सकाळी बघायचं होतंत: फिलिपिनो आजोबा, व्हिएतनामी बायका, मेक्सिकन कुटुंबं डबे-बादल्या घेऊन, आणि त्यात आम्ही दोन-चार मालवणी. सबिकीच्या, म्हणजे पाच-सहा छोटे गळ लावलेल्या, दोरीला एका वेळी तीन-चार बांगडे लागले की सगळी रांग वळून बघायची. (इथला बांगडा आपल्यापेक्षा जरा कोरडा. तिरफळ घालून केला तर चालतो.)

पण ते सगळं फेसाच्या पलीकडे. लाटा फुटतात तिथे गळ टाकला तर हाताला बहुधा वाळू आणि शेवाळच लागतं. शेवंडीचंही तेच. सीझनमध्ये रात्री जाळं खाली सोडायचं, माणशी दोनच, आणि थांबायचं. वर ओढताना धारा लागतात, शेवंड शेपटी आपटते, मग टॉर्च तोंडात धरून पाठीचं कवच मापायचं. सव्वातीन इंचाला कमी भरली तर परत पाण्यात. हे हजार फुटांवर होणार नाही. लांबी कापलीत तर उरेल तो नुसता कट्टा, आणि कट्ट्याला दहा कोटी कशाला घालवायचे?

— चुला व्हिस्टाहून

*

काका आणि दादा, दोघांनाही नमस्कार. माझं पोट बंदरांच्या बांधकामावर चालतं, म्हणून तोंड घालते.

निम्मी लांबी म्हणजे निम्मा खर्च, हे गणित पिअरला लागू पडत नाही. क्रेन, पाइल (समुद्रतळात रोवायचे खांब) ठोकायची यंत्रणा, माणसं हे सगळं किनाऱ्यावर आणून उभं करायला जे लागतं ते ५०० फुटांनाही लागतं आणि २,००० फुटांनाही. त्यातून ओशन बीचच्या फुटत्या लाटांत क्रेन वाहणारा बार्ज (सपाट तराफा) स्थिर राहत नाही. मग एक तर शेजारी तात्पुरता सांगाडा उभारायचा आणि काम झालं की तोडायचा, किंवा झालेल्या भागावरच क्रेन चढवून पुढचे पाइल ठोकत जायचं. दुसऱ्या प्रकारात डेकची, म्हणजे चालायच्या फरशीची, जाडी माणसांच्या वजनावर ठरत नाही, क्रेनच्या वजनावर ठरते. दोन-चार दिवस येऊन जाणाऱ्या पाहुण्यासाठी घर बांधल्यासारखं आहे ते. हलकी क्रेन, हलके तुकडे अशी आखणी केली तर खरी बचत तिथे आहे.

दुसरी बचत आकारात. पिअर नाकासमोर सरळ ठेवा, सगळे गाळे (खांबांच्या दोन रांगांमधली अंतरं) एका मापाचे करा. मग एकाच साच्यातून गर्डर (तुळया) आणि स्लॅब जमिनीवर ओतून नेता येतात. मध्येच रुंद होणारी वाट, फाटे, वळणं, वर कॅफे यातलं जे जे आराखड्यात असेल ते चित्रात छान दिसतं. पण प्रत्येक फाट्याला वेगळा साचा, वेगळे पाइल. गाळे लांब केले तर पाइल कमी लागतात. गर्डर जड होतात, तरी फेसात ठोकायचा एक पाइल वाचला तर मला आनंदच आहे.

कात्री लावू नये अशा जागा दोन. पहिली उंची. लाटेचा माथा डेकच्या पोटाला खालून आदळला की स्लॅब वर उचलला जातो. हिवाळी वादळांत या पिअरवरून पाणी उडतानाचे व्हिडिओ आपण सगळ्यांनीच बघितलेत. समुद्राची पातळीही वाढतेय. उंची कमी करून वाचवलेला डॉलर पहिल्याच मोठ्या वादळात जातो. दुसरी सळई. १९६६ चा पिअर आतून गंजला. खारं पाणी काँक्रीटमधून सळईपर्यंत पोचलं की गंज फुगतो आणि वरचं काँक्रीट ढलप्यांनी सुटतं. न गंजणारी सळई महाग आहे, पण दर दहा वर्षांनी डागडुजी करण्यापेक्षा परवडते.

आणखी एक सुचवलं जातं: वादळात सुटून जातील अशी डेकची पॅनेल, म्हणजे खांब तरी वाचतात. अलाबामातला गल्फ स्टेट पार्कचा पिअर तसाच बांधला होता. तरी २०२० च्या सॅली वादळात मधला एक तुकडा खांबांसकट गेला. कल्पना चांगली आहे, पण तिच्या भरवशावर उंची कमी करू नये.

— मीरा मेसाहून

*

ताई, पटतंय, पण पूर्ण नाही. जुनीच लांबी धरली तर फुटाला ९० हजार डॉलर पडतात. नॉर्थ कॅरोलायनातला जेनेट्स पिअर काँक्रीटचाच, हजार फुटांचा, २०११ मध्ये अडीच कोटीत झाला, म्हणजे फुटाला २५ हजार. महागाई धरा, पॅसिफिकच्या लाटा धरा, तरी एवढा फरक? तेव्हा "खर्चाचा तपशील गाळ्यागणिक जाहीर करा" ही ओळ पत्रात हवीच. लांबीवर मी अडून बसत नाही. दादांच्या शेवंडींना माझा विरोध नाही, फक्त एखादी इकडे पॉवेला येऊ दे.

— काका

*

सेक्रेटरीकडून:

मसुद्यात चार मागण्या घेतल्या आहेत: लांबी आणि उंचीला हात लावू नका, फाटे आणि कॅफे वगळून सरळ पिअरचा वेगळा अंदाज काढा, सळईवर काटकसर नको, तपशील जाहीर करा. तिरफळ आणि पॉवेच्या वाट्याची शेवंड वगळली आहे. शनिवारी कार्यकारिणीत मत घेऊ. ताई, पाइलबद्दलचं वाक्य इंग्रजीत तुम्हीच लिहून पाठवा, माझ्याच्याने ते होणार नाही.