विश्वासाने सुरुवात करायची, की आधी दोन वर्षांचा खर्च बँकेत दाखवायचा?

नगरकर

जय ख्रिस्त. गेल्या रविवारी उपासनेनंतर आमच्या कमिटीची बैठक झाली. तेव्हापासून मनाला स्वस्थता नाही, म्हणून इथे मांडतो.

आमच्या भागातली बरीच घरं दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला जातात, ती उन्हाळ्यात परततात. आईबापांबरोबर पोरंही फडावर जातात आणि शाळा सुटते. प्रस्ताव एवढाच होता की चर्चमागच्या दोन खोल्यांत बारा मुलांची सहा महिने राहण्या-जेवण्याची सोय करावी. प्रार्थना झाली, सगळ्यांनी आमेन म्हटलं. मग खजिनदार म्हणाले, दोन वर्षांचा खर्च मुदत ठेवीत दिसल्याशिवाय विषय पुढे न्यायचा नाही. तिथेच तो संपला.

‘तू आपल्या अगदी मनापासून परमेश्वरावर भाव ठेव, आपल्याच बुद्धीवर अवलंबून राहू नकोस’ (नीतिसूत्रे ३:५) हे वचन आमच्या चर्चच्या भिंतीवर रंगवलेलं आहे. त्याच भिंतीखाली बसून आम्ही ते मोडलं, असं मला वाटतं.

पंडिता रमाबाई १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतात गेल्या आणि सुमारे तीनशे मुली-बाया घेऊन आल्या. त्यांच्या शाळेची ऐपत तेवढी नव्हती. बॉस्टनच्या मंडळाने मदतीची हमी दिली होती ती दहाच वर्षांची, आणि तीही संपत आली होती. त्या बाईंनी आधी मुदत ठेव मोजली असती तर निराधार बायका-मुलींसाठीचं केडगावचं मुक्ती मिशन उभं राहिलं असतं का?

माजी खजिनदार, सोलापूर

भाऊ, तुमची तळमळ कळते. पण मी दुसरी बाजू डोळ्यांनी पाहिली आहे. एका वसतिगृहाचा हिशेब मी सांभाळत होतो. तेही ‘विश्वासाने’ सुरू झालं होतं. पहिल्या वर्षी उपकारस्तुतीच्या सणाला धान्य आलं, पैसे आले. दुसऱ्या वर्षी लोकांचा उत्साह ओसरला, किराणा दुकानदाराने उधारी बंद केली, आणि वार्षिक परीक्षा तीन आठवड्यांवर असताना आम्ही मुलांना घरी पाठवलं. एका मुलीने ट्रंक उचलता उचलता मला विचारलं, ‘आमचं काय चुकलं?’ मला उत्तर देता आलं नाही. आजही येत नाही.

बुरूज बांधायचा तर आधी बसून खर्चाचा अंदाज घ्या, हे प्रभूचंच सांगणं आहे, लूकच्या चौदाव्या अध्यायात. विश्वास आपण ठेवतो, पण अंदाज चुकला की उपाशी पोर राहतं. म्हणून मी तुमच्या खजिनदारांच्या बाजूने आहे.

केडगावची नात

माझी आजी मुक्तीत वाढली, म्हणून रमाबाईंचं नाव आलं की गप्प बसवत नाही. नगरकर दादा, तुम्ही अर्धीच गोष्ट सांगितलीत. केडगावची जमीन बाईंनी दुष्काळाच्या आधीच घेतली होती. बॉस्टनची मदत थांबल्यावर शाळा स्वतःच्या पायावर उभी राहावी म्हणून तिथे संत्री, लिंबं, आंबे लावायचे ठरवलं होतं. हा पक्का हिशेब होता. पुढे पुण्यात प्लेग आला, मुलींना शहरात ठेवता येईना, तेव्हा हीच जमीन कामाला आली. बायबलच्या भाषांतरासाठी त्या हिब्रू आणि ग्रीक शिकल्या, आयुष्याच्या अखेरपर्यंत त्याच कामात होत्या. बुद्धी बाजूला ठेवलेल्या बाईचं हे लक्षण नव्हे.

नगरकर

ताई, फळबागेचं तुम्ही बरं आठवून दिलंत. पण तीच गोष्ट मला माझ्या बाजूची वाटते! जमीन घेतली फळझाडांसाठी, आणि देवाने तिथे माणसं वसवली. बाईंनी आपला हिशेब देवाला मोडू दिला. झाडं अजून फळाला आली नाहीत, आत्ता मुली कशा आणू, असं त्या म्हणाल्या नाहीत. आमच्या बैठकीत नेमकं तेच म्हटलं गेलं.

सिस्टर (परिचारिका)

मला वेगळीच भीती वाटते. सरकारी दवाखान्यात क्षयरोगाच्या विभागात मी काम केलं आहे. एक तरुण चार महिन्यांनी गोळ्या सोडून बसला, कारण प्रार्थनासभेत त्याला सांगितलं होतं की गोळी म्हणजे अविश्वास. परत आला तेव्हा साध्या औषधांना त्याचा क्षय दाद देत नव्हता. त्याच्या आईला तेच वचन तोंडपाठ होतं, नीतिसूत्रे ३:५.

‘आपल्याच बुद्धीवर’ असं लिहिलं आहे. मग माइक ज्याच्या हातात आहे त्याची बुद्धी वचनाबाहेर कशी? देवाने मला सांगितलं असं कुणी म्हणालं की मंडळीत प्रश्न विचारणंच थांबतं. मी स्वतः प्रत्येक पाळीच्या आधी प्रार्थना करते, आणि मग औषधाची मात्रा दोनदा तपासते.

वसईकर

आम्हा कॅथलिकांत हा वाद जुना आहे. पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९९८ च्या परिपत्रकात श्रद्धा आणि बुद्धी यांना दोन पंख म्हटलं आहे. पण मला प्रभूने पाच भाकरींत हजारोंना जेवू घातलं ती गोष्ट जास्त जवळची. दोनशे दिनारांच्या भाकरी पुरणार नाहीत, हा शिष्य फिलिपाचा हिशेब बरोबर होता, प्रभूनेही तो खोडला नाही. फक्त फिलिप आकड्यापाशी थांबला आणि दुसऱ्या शिष्याने, अंद्रियाने, पाच भाकरीवाला पोरगा पुढे आणला. जेवणं झाल्यावर उरलेले तुकडेही गोळा करायला लावले. नगरकर, तुमच्याकडे पाच भाकरी कोणत्या आहेत?

नगरकर

सिस्टर, तुमचं वाचून थांबलो. औषध सोडायला सांगणारा विश्वास माझा नाही, तरी वचन तेच आहे हे खरं. सोलापूरच्या दादांचंही मनाला लागलं. रमाबाईंना ज्यांच्या चरित्राने धीर दिला त्या ब्रिस्टलच्या जॉर्ज म्यूलर यांचं काल पुन्हा वाचलं. दहा हजारांहून जास्त अनाथ मुलं सांभाळली, कुणापुढे हात पसरला नाही, पण उधारीही केली नाही, आणि दरवर्षी हिशेब छापला. उधारीचं मी बैठकीत बोललोच नव्हतो, ती माझी चूक.

तरी दोन वर्षांची ठेव ही अट मला पटत नाही. ती पूर्ण होईपर्यंत आजची पोरं कोयता हातात घेतील. वसईकर, आमच्या भाकरी अशा: दोन खोल्या, तीन घरांनी कबूल केलेली ज्वारी, आणि चार मुलांचा एका हंगामाचा रोख खर्च. बारा नाही, चार. पुढच्या रविवारी हे मांडतो.

माजी खजिनदार, सोलापूर

चार आणि रोख, यावर माझं भांडण नाही. मुलं ठेवायला कोणाची परवानगी लागते ते मात्र आधी विचारून घ्या. आणखी एक. रात्री दोन वाजता एखाद्या पोराला ताप भरला तर त्या खोलीत कोण असेल? ते नाव कमिटीपुढे घेऊन जा. नाव ठरलं की कळवा, एक पोतं ज्वारी माझ्याकडून.