प्रतिसाद: आधी भेग की आधी गंज?

मूळ पोस्टमध्ये म्हटलंय की काँक्रीटच्या भेगेतून पाणी शिरलं म्हणून आतली लोखंडी सळई गंजली. बऱ्याचदा क्रम उलटा असतो. ताज्या काँक्रीटचा पीएच (आम्ल-अल्कलीपणाचं माप; जास्त म्हणजे अल्कली) १२.५ च्या आसपास किंवा वर असतो, त्यामुळे सळईवर गंज रोखणारं ऑक्साइडचं पातळ कवच टिकतं. हवेतला कार्बन डायऑक्साइड वर्षानुवर्षं आत झिरपतो, पीएच ९ च्या खाली उतरतो आणि कवच जातं. मग ओलावा मिळाला की गंज धरतो, मूळ लोखंडाच्या दुपटीहून जास्त जागा मागतो आणि ताणाला मुळातच कच्चं असलेलं काँक्रीट फाटतं. सळईच्या रेषेत भेग दिसली तर गंजाचाच संशय आधी घ्या. त्यावर नुसतं प्लास्टर थापणं म्हणजे माझ्या मते निव्वळ रंगसफेदी; सळई मागच्या बाजूनेही मोकळी करून घासावी लागते. क्लोराइड (मिठात असतो तो क्षार) शिरलं असेल तर डागडुजीच्या कडेलाच नवा गंज धरतो, ती कटकट आणखी वेगळी.