चावणाऱ्या मुलाला कोपऱ्यात बसवावे का?

धागाकर्ती (बालवाडी शिक्षिका): आमच्या वर्गातला साडेतीन वर्षांचा एक मुलगा इतरांना चावतो. चावल्यावर त्याला दहा मिनिटे कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसवावे, अशी मला सूचना होती. आठवडाभर मी ती पाळली, पण खुर्चीवरून उठला की तो त्याच मुलाकडे धाव घेई. मग मी नुसते पाहू लागले, तेव्हा ध्यानात आले की डब्याआधी हात धुण्यासाठी २० भुकेली मुले एका नळाशी दाटीने उभी राहतात आणि बहुतेक चावे तिथेच घेतले जातात. आता मी पाच-पाच मुलांना पाठवते, त्याच्याकडे टॉवेल धरण्याचे काम देते, आणि तरीही तो अंगावर गेलाच, तर खाली बसून, खांद्याला धरून, “चावू देणार नाही. तुला काय हवंय ते सांग,” एवढेच म्हणते. चावणे थांबलेले नाही, पण पुष्कळ कमी झाले आहे. या वयाला शिक्षेची खुर्ची नसावी, असे माझे ठाम मत आहे.

प्रतिसाद १ (एक आई): माझ्या मुलीच्या दंडावर दातांचे वळ दोन दिवस होते. ज्याने चावले त्याला टॉवेल धरण्याचा मान मिळाला, हे तिने पाहिले तर ती यातून काय शिकेल? आपल्या लेखात जिला चावले गेले ते मूल कुठेच नाही.

प्रतिसाद २ (अंगणवाडी सेविका): मदतनीस रजेवर असली की आहार वाटणे, मोबाइलवर पोषण ट्रॅकर या सरकारी ॲपमध्ये नोंदी करणे आणि ३० मुले सांभाळणे हे सारे एकटीवर येते. अशा वेळी मी मुलाला जवळच्या चटईवर वेगळे बसवते, कारण बाकीच्यांना सुरक्षित ठेवणे हेही माझेच काम आहे. शांत राहा, असे सांगणाऱ्यांनी आधी मुलांची संख्या विचारावी.

प्रतिसाद ३ (निवृत्त शिक्षिका): चटईवर बसवणे मला चुकीचे वाटत नाही, मात्र मोठी माणसे त्या मुलाच्या दृष्टीआड होऊ नयेत. बालशिक्षणतज्ज्ञ गिजुभाई बधेका यांनी १९२० साली भावनगरला सुरू केलेल्या बालमंदिरात शिक्षेला आणि बक्षिसालाही जागा नव्हती, आणि त्यांच्या सहकारी ताराबाई मोडक यांनी १९४५ मध्ये बोर्डी गावी बालशिक्षणाचे काम सुरू केले तेव्हा हाताशी साधने फारशी नव्हती. कायद्याचीही एक उणीव सांगते: २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याचे कलम १७ शारीरिक शिक्षा व मानसिक छळ यांना मनाई करते, परंतु तो कायदा ६ ते १४ वयाच्या मुलांसाठी आहे, त्यामुळे बालवाडीतले मूल नेमके त्याबाहेर राहते.

धागाकर्ती: आईंचा आक्षेप मला मान्य आहे, मी चावणाऱ्याकडेच आधी वळत होते. आजपासून आधी दुखावलेल्या मुलाला जवळ घेईन, त्याचा हात गार पाण्याने धुईन, आणि ते सारे चावणाऱ्याने माझ्या शेजारी उभे राहून पाहावे, असे करीन. टॉवेलचे काम मात्र मी काढून घेणार नाही, कारण तो मान नसून त्या गर्दीत त्याच्या हातांना दिलेला उद्योग आहे.