निकोसियात सुट्टीचा एक दिवस : रेषेपलीकडे जावं का?

प्रश्न : युवासेवक

सर्वांना सलाम. आमच्या चर्चच्या मंडळीची तरुणांची टीम सेवाकार्यासाठी सायप्रसला जात आहे. निकोसियात स्थलांतरित कामगारांच्या मुलांसाठी शिबिर आहे. मधला सोमवार मोकळा ठेवलाय, तो जुन्या शहरात घालवायचा विचार आहे. शहराचे दोन भाग आहेत, दक्षिणेकडे सायप्रस प्रजासत्ताक आणि उत्तरेकडे तुर्की सायप्रसवासीयांचं प्रशासन, एवढं माहीत आहे. टीममधल्या निम्म्या जणांना पलीकडे जायचंय. बाकीच्यांना वाटतं की तुर्कस्तान सोडून कुणीच ज्याला मान्यता दिलेली नाही अशा राज्यात जाणं म्हणजे इकडच्या लोकांना दुखावणं. माझ्या मनात होतं की सगळ्यांनी दोन भागांमधल्या रेषेवर गोल करून ऐक्यासाठी प्रार्थना करावी. तिथे राहिलेल्या कुणी सल्ला दिला तर बरं होईल.

उत्तर : पायवाट

जुन्या शहरातल्या लेड्रा स्ट्रीटच्या चौकीवरून पायी पलीकडे जाता येतं, मूळ पासपोर्ट लागतो. प्रत्येकाचा व्हिसा कोणत्या प्रकारचा आहे ते तुम्हाला बोलावणाऱ्या मंडळीला दाखवून आधीच खात्री करून घ्या. दक्षिणेत युरो, उत्तरेत तुर्की लिरा. सैनिक, चौक्या, पहाऱ्याचे मनोरे यांचे फोटो काढू नका. तिथे हे फार गांभीर्याने घेतात.

उत्तर : चुनाविटा

मी निकोसियात जुन्या इमारतींच्या जतनाचं शिक्षण घेतलं. तिथे असताना ज्यांच्याकडे भाड्याने राहायचे त्या काकू मूळच्या केरिनियाच्या, म्हणजे आता उत्तरेत असलेल्या बंदराच्या गावच्या. १९७४ च्या उन्हाळ्यात अंगावरच्या कपड्यांनिशी दक्षिणेत आल्या. २००३ च्या एप्रिलमध्ये चौक्या पहिल्यांदा उघडल्या तेव्हा त्या आपलं घर बघायला गेल्या. दार उघडणारं कुटुंब पाफोसहून, म्हणजे दक्षिणेतून, तसंच घर सोडून आलेलं होतं. त्यांनी काकूंना आत बसवून कॉफी दिली. काकू मला म्हणाल्या, "मला त्यांचा राग करायचा होता, पण त्यांचंही घर गेलंच होतं ना." हे सांगते कारण तुमच्या टीमला 'इकडचे' आणि 'तिकडचे' असे दोन सोपे गट हवे असतील, तर हे शहर ते देणार नाही. १९७४ मध्ये ग्रीसच्या लष्करी राजवटीच्या पाठिंब्याने सायप्रसच्या सरकारविरुद्ध झालेला उठाव, पाच दिवसांनी उतरलेलं तुर्की सैन्य, त्याआधी १९६३ पासून वस्त्यांमध्ये कोंडलेले तुर्की सायप्रसवासी, हे सगळं एकाच गोष्टीत येतं. दीड लाखाहून जास्त लोक उत्तरेतून दक्षिणेत आले, चाळीस हजारांहून जास्त दक्षिणेतून उत्तरेत गेले.

तेव्हा पलीकडे जाण्याबद्दल माझं मत स्पष्ट आहे : जा. पण आदल्या दिवशी शिबिरातल्या स्थानिक माणसांना विचारून, सांगून जा. कुणी म्हणेल, 'मी स्वतःच्या घरी जायला पासपोर्ट दाखवणार नाही.' त्याचा मान ठेवा, वाद घालू नका.

रस्ता असा धरा. सकाळी एलेफ्थेरिया चौकातून निघा. तिथे व्हेनिसवाल्यांनी १५६७ पासून घाईघाईने बांधलेला तट दिसतो. वर्तुळाकार, अकरा बुरूज, तीन दरवाजे. एवढं करूनही १५७० मध्ये ऑटोमन सैन्याने शहर घेतलंच. लेड्रा स्ट्रीट सरळ उत्तरेकडे जातो. ही चौकी २००८ च्या ३ एप्रिलला उघडली. दोन चौक्यांमधलं अंतर थोडंच आहे. तिथे भराभर चालू नका, बाजूच्या बंद गल्ल्यांकडे नीट बघा. वाळूची पोती, पडलेली छपरं, गंजलेली शटर. कुणाची तरी दुकानं होती ती.

पलीकडे ब्युयुक हान ही १५७२ ची सराई आहे, अंगणात बसा. तिथून जवळच सेलिमिये मशीद. मूळचं सेंट सोफिया कॅथेड्रल, बांधकाम १२०९ मध्ये सुरू झालं, सायप्रसच्या लुझिन्यां या फ्रेंच घराण्यातल्या राजांचे राज्याभिषेक तिथेच होत. गॉथिक कमानी सरळ पूर्वेकडे आणि नमाजाच्या ओळी मक्केच्या दिशेने तिरक्या. इमारती वाचायला शिकणाऱ्या माझ्यासारखीला तिथून हलवत नसे. दुरुस्तीमुळे बंद असेल तर बाहेरूनच बघा. आत गेलात तर कृपा करून गीत किंवा प्रार्थना सुरू करू नका. तो नमाज पढणाऱ्यांचा हक्काचा कोपरा आहे. धर्माची पत्रकंही त्या दिवशी खोलीवरच राहू द्या.

आणि ज्याबद्दल कोणी सांगत नाही ते सांगते : गटारं. १९७४ च्या आधी सगळ्या शहरासाठी सांडपाण्याचं एकच जाळं बांधायला घेतलं होतं, ते अर्धवट राहिलं. शुद्धीकरण केंद्र उत्तरेत, नळांचा मोठा भाग दक्षिणेत. तेव्हा दक्षिणेचे महापौर लेलोस दिमित्रिआदिस आणि उत्तरेचे मुस्तफा अकिंजी यांनी संयुक्त राष्ट्रांच्या मदतीने बसून ते काम पुरं केलं. त्यांची सरकारं एकमेकांना मानत नव्हती. १९७९ मध्ये त्याच बोलण्यांतून दोन्ही भागांचा मिळून निकोसिया मास्टर प्लॅन सुरू झाला. तुम्ही ज्या दुरुस्त केलेल्या गल्ल्यांतून फिराल त्यातल्या बऱ्याच याच आराखड्यातल्या आहेत, रेषेच्या दोन्ही अंगांना. माझ्या लेखी या शहरातलं सगळ्यात प्रार्थनेसारखं काम हेच.

परतताना लेड्रा पॅलेसच्या चौकीने या. तटाबाहेर, जरा लांब पडतं, पण वाटेत दोन्ही बाजूंच्या मधे संयुक्त राष्ट्रांच्या देखरेखीखाली असलेल्या पट्ट्यातच 'होम फॉर कोऑपरेशन' हे दोन्ही समाजांचं केंद्र आहे. २०११ पासून दोन्हीकडची मुलं तिथे एकत्र भाषा, संगीत शिकतात. खाली कॅफे आहे.

गोल करून प्रार्थना मात्र चौकीवर नको. तिथून रोज कामाला, शाळेला माणसं जातात, त्यांच्या वाटेत उभं राहू नका. कुणाची हरवलेली माणसं अजून सापडलेली नाहीत. बेपत्तांच्या यादीत २००२ नावं होती, दोन्ही समाजांची, आणि निम्म्याहून जास्त जणांचे अवशेष ओळखून घरच्यांना दिले गेलेत. ते काम करणारे शास्त्रज्ञही दोन्ही समाजांचे आहेत. त्या कुटुंबांसाठी प्रार्थना करा, संध्याकाळी, तुमच्या खोलीत. कुणी जवळ येऊन आपली गोष्ट सांगू लागलं तर मधे बायबलचं एक वचनही न आणता ऐकून घ्या.

उत्तर : जुनाफौजी

एक भर घालतो. संयुक्त राष्ट्रांचं दल तिथे १९६४ च्या मार्चपासून आहे आणि त्याचे पहिले सेनापती भारताचे जनरल ग्यानी होते. त्यांच्यानंतर आपले माजी लष्करप्रमुख जनरल थिमय्या. ते १९६५ च्या डिसेंबरात सायप्रसमध्येच कामावर असताना वारले. पुढच्या वर्षी सायप्रसने त्यांच्या स्मरणार्थ टपाल तिकीट काढलं. १९७४ च्या लढाईतही सेनापती भारतीयच होते, प्रेम चंद. त्या वेळी निकोसियाचा विमानतळ दलाने ताब्यात घेतला, तो तेव्हापासून बंदच आहे. म्हाताऱ्या माणसांशी बोलताना भारतातून आलोय म्हणून जरूर सांगा.

युवासेवक

चुनाविटाताई, मनापासून आभार. तुमचं उत्तर काल टीमसमोर वाचून दाखवलं. चौकीवरची प्रार्थना रद्द. दोघींना अजूनही पलीकडे जायचं नाही, त्या दक्षिणेतच राहतील. त्यांना एकटं वाटू नये म्हणून काय बघायला सांगू?

चुनाविटा

त्यांचा निर्णय चांगलाच आहे, समजवत बसू नका. आर्चबिशपच्या वाड्याजवळचं सेंट जॉनचं छोटं कॅथेड्रल सांगा, १६६२ चं, आतल्या भिंती चित्रांनी भरलेल्या आहेत. मग तटाचा फामागुस्ता दरवाजा. दुपारी शॅकोलास मनोऱ्याच्या अकराव्या मजल्यावर जाऊ दे, तिथून दोन्ही शहरं आणि उत्तरेच्या डोंगरावर रंगवलेला तिकडच्या प्रशासनाचा प्रचंड झेंडा दिसतो. बाकीची टीम तटाच्या आत कुठे असेल ते तिथूनच शोधता येईल. भेटायची वेळ ठरवताना मात्र पलीकडचं घड्याळ तपासा, एका हिवाळ्यात दोन्ही बाजूंमध्ये तासाचा फरक पडला होता.