मालक इमारत बांधत नसेल तर ती सरकारने ताब्यात घ्यावी का?

गिरगावकर

आमच्या चाळीत दुसऱ्या मजल्यावरच्या गॅलरीला गेल्या पावसाळ्यापासून लोखंडी टेकू आहेत. आई नळावरून बादली आणताना वाटेतल्या एकेका टेकूवर हात ठेवते, हलतोय का ते बघते, मग पुढे जाते. पालिकेने इमारत धोकादायक ठरवली, त्यावरून म्हाडाने, म्हणजे राज्य सरकारच्या गृहनिर्माण प्राधिकरणाने, ७९-अ ची नोटीस काढली, आणि मालकाची सहा महिन्यांची मुदत पुढच्या महिन्यात संपतेय. मालकाकडून हूं नाही की चूं नाही.

७९-अ ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. म्हाडा कायद्यातल्या या दुरुस्तीला २०२२ च्या शेवटी राष्ट्रपतींची संमती मिळाली. धोकादायक उपकरप्राप्त (म्हणजे दुरुस्तीसाठी उपकर भरणाऱ्या जुन्या) इमारतीच्या मालकाने सहा महिन्यांत ५१ टक्के भाडेकरूंच्या संमतीनिशी पुनर्विकासाचा प्रस्ताव द्यायचा. त्याने दिला नाही तर पुढचे सहा महिने भाडेकरूंच्या नियोजित सोसायटीला. तिलाही जमलं नाही तर म्हाडा जमीन संपादित करून स्वतः बांधणार. मालकाला रेडी रेकनरप्रमाणे, म्हणजे सरकारी दरपत्रकाप्रमाणे, जमिनीच्या किमतीचे २५ टक्के किंवा विक्रीच्या बांधकामाचे १५ टक्के, यातलं जे जास्त ते.

माझं मत स्पष्ट आहे. हे संपादन व्हायलाच हवं. मुंबईत भाडेकरू घालवायचा असेल तर मालकाला काही करावंच लागत नाही. दुरुस्ती करायची नाही, भाडं घ्यायचं नाही, पावती फाडायची नाही, बाकीचं काम पाऊस करतो. माझ्या आजोबांनी गिरणीच्या पगारातून साठवून पागडी, म्हणजे खोली घेताना मालकाला द्यायची एकरकमी रक्कम, भरली होती. पुढे मालक भाडं घेईना, तेव्हा बाबा महिन्याच्या महिन्याला मनीऑर्डर करायचे. नाकारून परत आलेल्या मनीऑर्डरींचा गठ्ठा अजून आमच्या ट्रंकेत आहे. आम्हाला कुणी फुकटे म्हटलं की मला तो गठ्ठा आठवतो.

मालकाघरची

मी मालकांच्या घरातली आहे, हे आधीच सांगते. आमचीही इमारत गिरगावातच आहे, तुमची नव्हे.

इमारती पावसाने पडल्या नाहीत, भाडं गोठवल्याने पडल्या. १९४७ च्या कायद्याने भाडं १९४० च्या पातळीवर बांधून ठेवलं. १९९९ चा कायदा आला, त्यात वर्षाला ४ टक्के वाढ मिळाली. म्हणजे शंभराचे एकशे चार. गवंड्याची आजची एका दिवसाची मजुरी काय आहे ते विचारून बघा. वडिलांनी जिना दुरुस्त केला तेव्हा गावची कलमांची बाग गहाण पडली. ती सोडवेपर्यंत मी कॉलेजात गेले होते. त्या जिन्याने रोज चढणाऱ्या एकानेही विचारलं नाही की पैसे कुठून आणले.

आणि सरकारने आम्हाला काय देऊ केलं? म्हाडा कायद्याच्या १९८६ च्या दुरुस्तीत मोबदला लिहिलाय महिन्याच्या भाड्याच्या शंभरपट. भाडं १०० रुपये असेल तर खोलीमागे दहा हजार. चाळीस खोल्यांची इमारत चार लाखांत, तीही गिरगावात! याला संपादन कसं म्हणायचं? २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेच सांगितलं की खाजगी मालमत्ता ही समाजाची साधनसंपत्ती नाही. तिथे विषय संपायला हवा होता.

कायद्याचं बोलू

दोघांच्याही लिहिण्यात थोडी गल्लत आहे.

शंभरपट भाडं हे १९८६ च्या दुरुस्तीने कायद्यात आलेल्या आठ-अ प्रकरणातलं. तिथे ७० टक्के भाडेकरूंची सोसायटी अर्ज करते आणि इमारत तिच्यासाठी संपादित होते. ७९-अ वेगळं, त्याचा मोबदलाही वेगळा. ताईंचा राग आठ-अ वर आहे, दादांची नोटीस ७९-अ ची आहे.

५ नोव्हेंबर २०२४ चा निकाल नऊ न्यायाधीशांच्या पीठाचा होता. बहुमत म्हणालं की *प्रत्येक* खाजगी मालमत्ता समाजाची साधनसंपत्ती ठरत नाही. काही ठरू शकते, आणि ते त्या मालमत्तेचं स्वरूप आणि तिची टंचाई वगैरे बघून ठरवायचं. आठ-अ प्रकरण वैध की अवैध, हे त्या पीठाने ठरवलेलंच नाही.

दादा, तुम्ही एक तपासा. जुलै २०२५ मध्ये उच्च न्यायालयाने ७९-अ च्या नोटिशींवरून म्हाडाला चांगलंच सुनावलं, कारण रीतसर कुणी धोकादायक ठरवलेलं नसताना नोटिशी निघाल्या होत्या. तुमच्याकडे पालिकेचा कागद आहे म्हणता, तो जपून ठेवा.

विरारहून

माझा जन्म लालबागचा. बाबांनी खोली सोडली, आता आम्ही विरारला. वीस वर्षांचं कर्ज आणि सकाळच्या लोकलच्या दारातली जागा, एवढं आमच्या वाट्याला आलं. आमच्यासाठी कुणी जमीन संपादित केली नाही.

तरी मी विरोधासाठी विरोध करत नाही. मला एवढंच सांगा, हे संपादन राहणाऱ्यांसाठी आहे की पावती असणाऱ्यांसाठी? आमच्या जुन्या चाळीत निम्म्या खोल्यांना कुलूप होतं. मालकाची जमीन काढून त्या कुलपांना नवी घरं द्यायची, आणि वीस वर्षं पोटभाड्याने राहिलेल्या कुटुंबाला बाहेर काढायचं? जुन्या रहिवाशांना वाचवायचं म्हणता, मग आधी रहिवासी कोण ते ठरवा.

गिरगावकर

प्रश्न लागला. आमच्या ३८ खोल्यांपैकी ९ बंद आहेत. त्यांच्या पावत्या खऱ्या आहेत, पण त्यांचं आयुष्य टेकूंवर उभं नाही. त्यांचा हक्क काढून घ्या असं मी म्हणणार नाही. पोटभाडेकरूंचं काय, याचं उत्तर आज माझ्याकडे नाही.

ताई, शंभरपट भाडं हा मोबदला नव्हेच. मी मालक असतो तर मीही कोर्टात गेलो असतो. पण भाडं गोठवलं सरकारने, आणि छत कोसळायचं आमच्या डोक्यावर, हे कसं? वरळीच्या बीडीडीत, म्हणजे तिथल्या जुन्या सरकारी चाळींच्या पुनर्विकासात, ऑगस्ट २०२५ मध्ये ५५६ कुटुंबांना ५०० चौरस फुटांच्या घरांच्या किल्ल्या मिळाल्या. सरकारने मनावर घेतलं की होतं.

शिबिरातली सून

बीडीडीची जमीन पहिल्यापासून सरकारची होती, दादा. तिथे मालकाशी भांडण नव्हतं.

मी लग्न होऊन संक्रमण शिबिरातच आले, म्हणजे इमारत पाडल्यावर म्हाडा तात्पुरतं ठेवते तिथे. सासरची इमारत त्याआधीच पाडलेली. सासूबाई भांडीसुद्धा पूर्ण उघडत नसत. तांब्याचा बंब वर्तमानपत्रात गुंडाळून माळ्यावर ठेवलेला, परत खोलीवर गेल्यावर काढू म्हणायच्या. त्या गेल्या. बंब तसाच आहे, माझा मुलगा बारावीला आहे. मूळ जागा लहान, तिथे सगळ्यांना पुरेल अशी इमारत उभी राहीना, म्हणून आमचं नाव बृहत्सूचीत, म्हणजे दुसरीकडे घर मिळण्याची वाट बघणाऱ्यांच्या म्हाडाच्या यादीत. यादीत नाव आहे, घर नाही.

म्हणून मला या संपादनाची भीती वाटते. मालकाला सहा महिने, सोसायटीला सहा महिने. त्यानंतर सरकारी यंत्रणेची मुदत किती, तोवरचं भाडं कोण देणार, परत त्याच जागी येणार का? ही तीन उत्तरं लेखी मिळाल्याशिवाय आईला खोलीतून हलवू नका. आणि टेकू हलला तर मात्र त्याच दिवशी हलवा. माणूस राहिलं तर भांडता येतं.

मालकाघरची

हे वाचून मला माझा मुद्दा पुढे रेटवत नाही.

गिरगावकर, तुम्ही मालकाला भेटलात का? पत्र नव्हे, नोटीस नव्हे, स्वतः? वडिलांकडे लोक तक्रार घेऊन यायचे, नाहीतर वकिलाचं पाकीट यायचं. तुमचा मालक बांधू शकत नसेल, पण तुमच्या सोसायटीला सही देऊ शकेल. संपादनापर्यंत जायची वेळच येणार नाही.

गिरगावकर

नाही भेटलो. मालक वारले, मालकीणबाई मुलीकडे पार्ल्याला असतात एवढं कळलंय. आई म्हणते, पूर्वी त्या चाळीत हळदीकुंकवाला यायच्या. रविवारी आईला घेऊन जातो. तीन प्रश्नांचा कागदही करतोय, म्हाडाच्या कार्यालयात देऊन पोच घेईन.

संपादनाचं माझं मत बदललेलं नाही. मालकीणबाई नाही म्हणाल्या तर ते हवंच. पण आधी सोसायटी. ५१ टक्क्यांसाठी २० सह्या लागतात, १७ झाल्यात. बंद खोल्यांपैकी एक सांगलीला आहे, एक पुण्याला. दोघांना आज रात्री फोन करतो.